माझ्या भावाचं नाव ब्राउन नव्हतं

मला इथला हिवाळा आवडत नाही असं मी म्हटलं की लोकांना वाटतं मी थंडीबद्दल बोलतोय. थंडीचं काही नाही. ब्लॅकटाउनला जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, पहाटे गवत पांढरं होतं, त्यावरून चाललं की पापड मोडल्यासारखं वाजतं, ते मला अजून आवडतं. मला राग येतो तो दुपारांचा. कुठल्याही मैदानाजवळून गाडी गेली की काचा बंद असल्या तरी आत शिरणारा तो वास: तुडवलेलं गवत, चिखल, मालिशच्या तेलाचा झणका, सॉस ओतलेली गरम खिम्याची पाय-पेस्ट्री. आणि मग शिट्टी. शिट्टी ऐकली की मी गाडी पुढे दामटतो.

मी कमी बोलणारा माणूस म्हणून ओळखला जातो. ऑफिसात, चर्चमध्ये, आपल्या मराठी मंडळींत. "फ्रान्सिसला बोलतं करायचं तर भूल देऊनच करावं लागेल," असं आमच्यातले एक डॉक्टर दर पार्टीत म्हणतात आणि दर पार्टीत लोक हसतात. जन्मजात स्वभाव असेल, असं सगळे धरून चालतात. वसईतल्या कुणाला विचारा. आमच्या आळीत माझ्याएवढा आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हता. बाबा वाडीच्या पार टोकाला, बावखलाच्या तळ्यापलीकडे केळींना पाणी लावत असायचे. जेवायची वेळ झाली की आई मला ओट्यावर उभं करायची. "घाल हाक." केळीच्या पानांमधून ती हाक अशी जायची की शेजारच्या वाडीतली माणसंही हात धुऊन घरी निघायची.

तो आवाज मी इथे, एका रविवारी दुपारी, संपवला. कसा, ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

बाबू माझा धाकटा भाऊ. बाप्तिस्म्याचं नाव रॉबर्ट. तो जन्मला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो, त्यामुळे मी त्याला भावापेक्षा पोरासारखंच वाढवलं. आधी मी एकटा इथे आलो, पॅरामॅटाला सरकारी ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून चिकटलो, मग आई-बाबांना आणि त्याला आणलं. भात कापून झालं की तो वसईला शेताच्या सडांवरून अनवाणी पळायचा. पाय सोलून निघायचे, पण पोरगा थांबायचा नाही. अशा पोराला इथलं मऊ गवत आणि पायात बूट मिळाले. मग त्याला कोण पकडणार?

इथली रग्बी म्हणजे दोन पंथ. एक युनियन. हा हौशी लोकांचा खेळ; मोठ्या शाळा, विद्यापीठं, डॉक्टर-वकिलांची पोरं. कुणी एक पैसा घेत नाही. दुसरा लीग. हा आमच्या पश्चिमेकडच्या कामगार वस्त्यांचा. इथे खेळाडूला पैसे मिळतात. दोन्हींत चेंडू तोच, चिखल तोच, मोडणारी हाडं तीच. पण युनियनचा खेळाडू एकदा का लीगच्या मैदानात उतरला, पैसे घेवो न घेवो, की तो जन्मभर वाळीत. पुन्हा युनियनचं मैदान नाही, मित्रांबरोबर गंमत म्हणूनही नाही. वाळीत टाकणं म्हणजे काय, हे आमच्या वसईकरांना कुणी शिकवायला नको. पण आमच्याकडे निदान गावकी बसायची, आरडाओरडा व्हायचा, माणसाला चार शिव्या ऐकायला मिळायच्या. यांच्याकडे हसून, हात मिळवून वाळीत टाकतात.

पैसे न घेणं हा सद्गुण आहे, हे ज्यांच्या घरात पैसे होते त्यांनी ठरवलं. हे वाक्य मी मनात इतक्या वेळा म्हटलंय की आता ते न थांबता लिहिता येतं.

बाबू युनियनचा होता. पिवळ्या दगडांच्या जुन्या विद्यापीठात इंजिनियरिंगला होता आणि तिथल्याच एका निवासी कॉलेजात राहत होता. संघात होता म्हणून खोली मिळाली होती; तसं कुणी बोलत नसे, पण सगळ्यांना माहीत होतं. तो विंगवर खेळायचा. म्हणजे मैदानाच्या अगदी कडेला थंडीत कुडकुडत उभं राहायचं, आणि चेंडू हातात आला की प्राण घेऊन पळायचं. दर शनिवारी मी मैदानाच्या कडेच्या दोरीला टेकून उभा असायचो. चेंडू त्याच्याकडे आला की माझ्या तोंडून निघायचं, "पळ बाबू, पळ!" वाडीतली हाक. हळूहळू ती हाक कॉलेजातली पोरंही शिकली. सोनेरी केसांचे, गळ्यात मफलर घातलेले ते जज्जांचे आणि सर्जनांचे मुलगे बिअरचे मग उंचावून ओरडायचे, "पल्ला बाबू, पल्ला!" मला किती अभिमान वाटायचा! सगळं विद्यापीठ आमच्या आईच्या भाषेत ओरडतंय असं वाटायचं.

त्या हिवाळ्यात लीगच्या क्लबचा माणूस घरी आला. मर्व त्याचं नाव. रविवारी चर्चच्या मासनंतर आला, आईने तळलेले मैद्याचे फुगे एकामागून एक तोंडात टाकत राहिला. "अशा आईच्या हातचं खाणारा पोरगा वाऱ्यासारखा पळणारच, मेट." पुढच्या हंगामापासून बाबूने लीगकडे यावं, असं त्याचं म्हणणं. आताच. पाय ताजे आहेत तोवर. उलट विद्यापीठाचा कोच म्हणत होता, आणखी एक वर्ष थांब, राज्याच्या संघात तुझी निवड होईल, डिग्रीही हातात येईल.

मग घरात जे सुरू झालं ते जवळजवळ सगळा हिवाळा चाललं. बाबांनी मागच्या अंगणात तीन केळी लावल्या होत्या आणि गोठलेलं दव मारू नये म्हणून त्यांना जुन्या घोंगड्या गुंडाळल्या होत्या. कुंपणावरून शेजारी विचारायचा, "आणखी नातेवाईक आले वाटतं तुमचे?" त्या घोंगड्या नीट करता करता बाबा बोलायचे.

"केळीचा घड झाडावर पिकू देतात का कधी? हिरवा असतानाच उतरवतात. झाडावर पिकला तो वटवाघळांचा."

आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून. "पोरगा आहे तो, घड नाही."

"मी कुठे म्हटलं घड आहे? घडाला निदान गुडघे नसतात."

"म्हणूनच म्हणते, डिग्री होऊ दे आधी. गुडघा गेला तरी डिग्री राहील."

"इथे डिग्रीवाले काय करतात ते बघतेस ना? हा बघ," बाबा माझ्याकडे हात करायचे, "जन्म गेला दुसऱ्यांच्या भिंतींच्या रेघा ओढण्यात."

मी हसायचो. घरात सगळे समजत होते की फ्रान्सिस मध्यस्थ आहे, फ्रान्सिस दोन्ही बाजू जाणतो. मी बाबांच्या बाजूचा होतो. पण केळ्यांमुळे नव्हे.

त्या हिवाळ्यात कॉलेजात घरच्यांसाठी एक जेवण होतं. आई-बाबा लाजले, मी गेलो. लांब टेबलं, भिंतीवर मेलेल्या प्रिन्सिपलांची चित्रं. मी सूट घातला होता. एका पोराने मला थांबवून विचारलं, टॅक्सीसाठी किती वेळ थांबावं लागेल? त्याला वाटलं मी टॅक्सीचा ड्रायव्हर आहे. बाबू शेजारीच होता. तो हसला. म्हणजे खदाखदा नाही. त्या पोराबरोबर, त्याच्यासारखा, नाकातून. मग म्हणाला, "माय ब्रदर." पण आधी हसला. ते हसू मी घरी घेऊन आलो. आज लिहिताना मला दिसतं, वीस-एकवीस वर्षांचं पोर गडबडलं होतं, दुसरं काही नाही. पण राग वयाचा हिशेब करत नाही. मी मनात म्हणालो, यांनी आमचा बाबू नेला. परत आणायला हवा.

आपली मंडळी तर काय! पॅरामॅटाला त्या डॉक्टरांकडे महिन्याला एकदा सगळे जमायचे. सोफ्यावर बसून, हातावर चकल्या मोडत, "अरे, खेळून पोट भरतं का कुणाचं? इंजिनियर हो आधी." आणि तेच डॉक्टर मला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठून हळूच, "फ्रान्सिस, लीगमध्ये गेला तर फायनलची तिकिटं मिळतील का रे?" मी तेव्हाही हसलो. मी फार हसलो त्या हिवाळ्यात.

ऑगस्टच्या शेवटी वॅटलचं झाड फुलतं. रस्त्याच्या कडेला पिवळा गुलाल उधळल्यासारखा. अशाच एका रविवारी लीगच्या क्लबने बाबूला एका सामन्यात तपासून बघायचं ठरवलं. ही इथली जुनी चाल होती: युनियनचा खेळाडू पारखायचा असेल तर त्याला खोट्या नावाने उतरवायचं, म्हणजे पसंत नाही पडला तर गुपचूप परत आपल्या संघात जाता येतं. सगळे असंच करायचे. मर्वने नाव ठेवलं, ब्राउन. "जे. ब्राउन. कशाला डोकं चालवायचं, मेट?" असं म्हणून तो स्वतःच मोठ्याने हसला. सगळ्या मैदानात तेवढा एकच काळा मुलगा, आणि नाव ब्राउन. बाबूही हसला. मला तेव्हा मर्वच्या तोंडात मारावंसं वाटलं होतं, हेही आज लिहून टाकतो.

मासनंतर मीच त्याला गाडीतून नेलं. रस्त्यात त्याने मांडीवरच्या बुटांच्या नाड्या ओवल्या. मग म्हणाला, "दादा, तुला एकट्याला सांगतो. मी ठरवलंय. लीगला नाही जाणार. एक वर्ष थांबतो. डिग्री आधी."

"मग आज कशाला उतरतोस?"

"मर्वला शब्द दिलाय. आणि..." तो खिडकीबाहेर बघत होता. "एकदा बघायचंय रे, मी खरंच किती पळतो. या लोकांसमोर. फक्त एकदा."

"बाबांना काय सांगणार?"

"तू आहेस ना. तू सांगशील बरोबर."

मी बरं म्हणालो.

मैदान आमच्या पश्चिमेकडलंच, लाकडी बाकांचं, एका बाजूला मातीचा उतार. पाऊस पडून गेलेला. लोक उतारावर पिशव्या टाकून बसले होते. आणि तिथे, कुंपणाच्या कोपऱ्यात, रेनकोटची कॉलर वर करून, टोपी खाली ओढून, विद्यापीठाच्या क्लबचा सेक्रेटरी उभा होता. तोंडात पाइप. तो दर शनिवारी माझ्यापासून चार हातांवर उभा राहायचा, मला "मिस्टर लोपीस" म्हणून चहा आणून द्यायचा. त्याला कुणकुण लागली असणार. पण नुसती कुणकुण पुरत नव्हती. धुकं होतं, पोरं चिखलाने माखून एकाच रंगाची झालेली, त्याच्या डोळ्यांवर जाड चष्मा. तो एकेका पोराकडे मान लांब करून बघत होता. त्याला कळत नव्हतं. बाबूही खाली मान घालून, पाठ त्याच्याकडे ठेवून उभा होता. सामन्याचा उत्तरार्ध संपत आला होता. आणखी थोडा वेळ, आणि ब्राउन नावाचा माणूस जगातून नाहीसा झाला असता, आणि माझा भाऊ ट्रेन पकडून कॉलेजात गेला असता.

तेवढ्यात चेंडू त्याच्याकडे आला.

तो जे पळाला ते मी वसईतही पाहिलं नव्हतं. सगळा उतार उठून उभा राहिला. आणि मी ओरडलो. "पळ बाबू, पळ!" पोटातून. बावखलापलीकडे जाणारी हाक.

बाबू रेषेपलीकडे चेंडू टेकवून उठला तेव्हा सेक्रेटरीने तोंडातला पाइप काढला होता. तो माझ्याकडे वळला, आणि त्याने टोपीला हात लावून मला मान लवून अभिवादन केलं. आभार मानल्यासारखं. त्या मान लवण्याला मी आजही माफ करत नाही.

मंगळवारी बाबू सरावाला गेला तर त्याचे बूट क्लबच्या खोलीबाहेर पायरीवर ठेवलेले होते. चिखल काढून, पुसून, जोडीने. "सॉरी, मेट. रूल्स." बस्स. हंगाम संपताच खोलीही गेली, तीही तशीच हसत. खेळायचं तर मर्वकडे जाण्याखेरीज आता रस्ता नव्हता, आणि हे मर्वला पुरतं कळलं होतं. ज्याला परतीचं दार नाही त्याला गोड बोलायची गरज नसते. फुगे खायला तो पुन्हा कधी आला नाही. बाबूने मिळेल त्यावर सही केली. ब्लॅकटाउनहून रोज विद्यापीठ, संध्याकाळी लीगचा सराव. आधी वर्ग सुटले, मग परीक्षा. दुसऱ्याच हिवाळ्यात गुडघा गेला. क्लबने पुढच्या हंगामाच्या यादीतून नाव काढलं. या वेळी खरं नाव होतं.

ज्यांनी दगडी कमानीखाली शुद्धतेच्या गप्पा मारल्या त्यांचा मला राग येतो. ज्यांनी त्याला मांस तोलावं तसं तोललं त्यांचाही. पण हे दोन्ही राग मी इतकी वर्षं ज्या राखेखाली झाकून ठेवले, ती राख माझी आहे.

कारण बाबूने मला कधी दोष दिला नाही. उलट मीच गप्प गप्प झालो तेव्हा तो माझी समजूत काढायचा. "दादा, आनंदाने निघालं तुझ्या तोंडून. माझ्याही निघालं असतं. सोड ना." आईसुद्धा म्हणायची, "तुझा जीव आहे रे त्याच्यावर, म्हणून ओरडलास." बाबा जाईपर्यंत हेच म्हणत राहिले. सगळं घर मला माफ करत होतं, जे मी केलंच नव्हतं त्याबद्दल. आणि मी माफी घेत होतो.

आता बाबू टायरच्या दुकानात असतो. लग्न झालं, एक मुलगी आहे, ती मराठीत विचारलेल्याचं उत्तर इंग्रजीत देते आणि बापासारखी पळते. गेल्या महिन्यात त्याच्या जुन्या संघातल्या एकाचा फोन आला. विद्यापीठाच्या मैदानावर जुन्या खेळाडूंचा दिवस आहे. पोटं सुटलेल्यांचा गंमतीचा सामना, मग जेवण. बाबूने यायचंच. फक्त खेळता येणार नाही. नियम तोच आहे अजून. पण बघायला ये. "दादा, चल ना बरोबर," बाबू म्हणाला. "एकट्याला दोरीजवळ उभं राहायला कसंतरी वाटतं."

आम्ही गेलो. तोच वास. तोच पिवळा दगड, हिवाळ्यातल्या उन्हात मधासारखा. सेक्रेटरी म्हातारा झालाय, पण तोच आहे, तोच पाइप. त्याने मला ओळखलं. "मिस्टर लोपीस!" म्हणून चहा आणून दिला. जुनी पोरं, आता सर्जन आणि वकील, धापा टाकत, एकमेकांवर पडत होती. त्यांतल्या एकाने बाबूला दोरीजवळ पाहिलं आणि सुरू केलं, "पल्ला बाबू, पल्ला!" सगळे हसत सामील झाले. एकदा चेंडू बाहेर येऊन बाबूच्या पायाशी थांबला. तो वाकला. लगेच सेक्रेटरी दोन पावलं पुढे आला, अगदी प्रेमाने. "नॉट यू, मेट. सॉरी." बाबूने पायानेच चेंडू आत ढकलला आणि हसला. नाकातून. मी इतक्या वर्षांनी ते हसू पुन्हा पाहिलं, आणि कळलं की हे हसू त्यांच्यासारखं कधी नव्हतंच. अपमान झाला की तो असा हसतो. तेव्हाही तसंच होतं.

चहा माझ्या हातात गार होत होता. मी बोललो. मैदानाकडे बघत, हळू आवाजात.

"बाबू, त्या रविवारी मी त्याला पाहिलं होतं. आधी. तो कुंपणाजवळ उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं, आणि मग ओरडलो."

बाबूने दोरीवर हात टेकवले.

"तू गाडीत सांगितलं होतंस, थांबणार म्हणून. मला ते नको होतं. तू यांच्यातून परत यायला हवा होतास. म्हणून ओरडलो."

समोर कुणीतरी पडलं, हशा झाला. बाबूचे हात दोरीवर होते. टायरच्या काळ्या ग्रीसने भेगा पडलेले. त्या हातांनी दोरी अशी धरली होती की कडेचा खांब हलायला लागला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. ज्या आवाजात तो दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत असेल त्या आवाजात म्हणाला,

"मी आईला सांगितलं होतं, दादाला कधी काही बोलू नकोस. त्याला वाईट वाटेल."

आणि मग, "ओरड आता."

मला समजलं नाही. तोवर तो दोरीखालून वाकून आत गेला होता. तो गुडघा, ती दुकानाची पँट, साधे बूट. कुणाच्या तरी हातातून निसटलेला चेंडू त्याने उचलला, आणि लंगडत, मग कमी लंगडत, कडेने पळायला लागला. माझ्या शेजारून सेक्रेटरी "नो! नो!" म्हणत हात हलवत पुढे निघाला.

या वेळीही मी आधी त्या माणसाकडे बघितलं. मग ओरडलो.